तीन गुंजांचं सोनं : फनमचा मागोवा

जगातल्या चिमुकल्या नाण्यांचा विषय निघाला की संग्राहक आधी नेपाळचं नाव घेतात. मल्ल राजांच्या काठमांडूत एका मोहराचे १२८ दाम आणि एका दामाचे चार जव होत. अठराव्या शतकात जयप्रकाश मल्लाच्या नावाने तर पाव जवही निघाला. मोहर साडेपाच ग्रॅमचा धरून हिशेब मांडला, तर पाव जवाच्या वाट्याला जेमतेम पावणेतीन मिलिग्रॅम चांदी येते. शिंक आली की नाणं गेलं! विक्रमांच्या यादीत त्याने खुशाल मिरवावं. माझा जीव मात्र दक्षिणेतल्या फनमवर आहे. एवढ्याशा अंगाने इतकी शतकं आणि इतकी राज्यं पाहिलेलं दुसरं नाणं मला ठाऊक नाही.

फनम म्हणजे तुरीच्या डाळीएवढं सोन्याचं नाणं. रुंदी सहा ते आठ मिलिमीटर, वजन साधारण ०.३५ ते ०.४ ग्रॅम. सोनारी मापात सांगायचं तर तीन गुंजा. २०११च्या मालिकेतला आपला एक रुपया ३.७९ ग्रॅमचा आहे, म्हणजे एका रुपयाच्या भारात दहा फनम बसतात. इतकं लहान नाणं पाडण्याची हौस कुणाला नव्हती. उत्तरेत व्यवहार चांदीवर चाले, दक्षिणेत सोन्यावर. पण सुमारे साडेतीन ग्रॅमचा होन किंवा वराह घेऊन कोणी मिरच्या आणायला जात नाही. बाजारात खपायचं तर सोन्यालाच बारीक व्हावं लागलं.

बारीक नाण्यांची परंपरा आपल्याकडे फनमहून कितीतरी जुनी आहे. आहत, म्हणजे ठसे ठोकून केलेल्या, नाण्यांच्या काळातले चांदीचे माषक जेमतेम दोन गुंजांचे असत. फनमच्या थेट पूर्वजांत मला सगळ्यात आवडतात ती कलिंगच्या पूर्व गंगांची नाणी. अनंतवर्मा चोडगंग १०७८मध्ये गादीवर आला. या घराण्याच्या फनमांवर एका अंगाला बसलेला नंदी असतो, दुसऱ्या अंगाला राज्यवर्षाचा आकडा. कित्येक मोठ्या नाण्यांवरही साल सापडत नाही आणि इथे डाळीएवढ्या सोन्यावर कोरणाऱ्याने तेही बसवलं आहे. भिंगाखाली तो आकडा लागला की संग्राहकाची संध्याकाळ सार्थकी लागते.

पुढची साक्ष परदेशी प्रवाशांची. दर्यावर्दी झेंग हे याच्या आरमाराबरोबर १४१३पासून सफरी करणाऱ्या मा हुआन या चिनी दुभाष्याने कालिकतच्या नाण्याचं वजन, रुंदी आणि कस तिन्ही लिहून ठेवलं. सोनं साठ टक्के, वजन आजच्या मापात सुमारे ०.३७ ग्रॅम. किरकोळ खरेदीला चांदीचं 'तार' होतं, तेही याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी वजनाचं. १४४३मध्ये विजयनगरला आलेल्या अब्दुर रझाक या इराणी दूताने पूर्ण कोष्टकच दिलं आहे. वराहाचा अर्धा परताब, परताबाचा दहावा हिस्सा फनम, फनमचा सहावा हिस्सा तार, तारचा तिसरा हिस्सा तांब्याचं जितल. यात सगळ्यात उपयोगी फनमच, असंही त्याने आवर्जून नोंदवलं. इटालियन प्रवासी वार्थेमाचं पुस्तक १५१०मध्ये छापलं गेलं. नाण्यांपेक्षा त्याची नजर खिळली ती कालिकतच्या सराफांच्या तराजूवर. वजनं आणि पेटीसकट तो अर्ध्या औंसाचाही नव्हता, आणि डोक्यावरच्या एका केसानेही त्याचं पारडं झुके. कसोटीचा दगड जवळ असेच. माझ्या मते हा तराजूवाला सराफ नसता तर फनम चाललंच नसतं. साठ टक्के कुठे आणि नव्वद टक्के कुठे हे नुसत्या डोळ्यांना सांगता येत नाही.

प्रत्येक राजाने मग आपापलं फनम काढलं. म्हैसूरच्या कंठीरव नरसराज वोडेयरने (१६३८–५९) त्यावर नरसिंह बसवला. हैदरअलीने आपल्या नावाचं फारसी आद्याक्षर तेवढं घातलं, कारण अख्खं नाव मावणार कुठे? मराठ्यांनाही हे नाणं परकं नव्हतं. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला, म्हणजे फनमच्याच मुलखात, बखर लिहिली. तिच्यातल्या शिवाजी महाराजांच्या खजिन्याच्या यादीत होनांच्या रांगेत 'फलम'ही येतं.

युरोपीय व्यापारी आले तेही याच हिशेबात शिरले. तरंगंबाडीच्या डॅनिशांनी आणि पाँडिचेरीच्या फ्रेंचांनी चांदीची फनमं पाडली. मद्रासच्या इंग्रजांचा हिशेब एका होनाला ४२ फनम आणि एका फनमला ८० कासू असा चाले. तो त्यांनी तरी कसा निभावला असेल कोण जाणे. १८१८मध्ये मद्रास इलाख्याने रुपया हे प्रमाण नाणं ठरवलं आणि होन-फनमचा कारभार आवरता घेतला.

त्रावणकोर मात्र बधलं नाही. तिथे चार चक्रमांचं एक फनम आणि सात फनमांचा एक रुपया होता. चांदीचं चक्रमही फनमच्याच अंगाचं, बोटांच्या चिमटीतून निसटणारं. हजार चक्रमं एकेक करून मोजायची कशी? त्यासाठी लाकडाची फळी होती. तिच्यात नाण्याच्या मापाचे उथळ खळगे ओळीने कोरलेले. मूठभर नाणी ओतायची, फळी हलवायची, जास्तीची झटकून टाकायची. प्रत्येक खळग्यात एकच नाणं राही आणि भरलेली फळी म्हणजे ठरलेला आकडा. बँकेतल्या मोजयंत्रापुढे मला ही फळी आजही जास्त हुशार वाटते. पुढे चक्रम तांब्याचं झालं आणि १९४९मध्ये त्रावणकोर-कोचीन एक झाल्यावर ही नाणेपद्धतही मागे पडली.

फनम गोळा करायचं मनात असेल तर भिंगाआधी मिलिग्रॅमपर्यंत तोलणारा काटा घ्या. नक्षी पाहून भाव ठरवू नका, कारण ठसा नाण्यापेक्षा मोठा असे आणि पुरी नक्षी क्वचितच उतरे. नाणं घासूनपुसून लखलखीत करण्याचा मोहही टाळा. घरातल्या जुन्या डबीत असं काही निघालं तर सोनं म्हणून वितळवायला देण्याआधी नाणी जाणणाऱ्याला दाखवा. जमिनीत सापडलं असेल तर १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे सरकारला कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, आणि ते स्वतःच्या मालकीचं असलं तरी परदेशी विकायला किंवा पाठवायला मनाई आहे.