कर्बवायूच्या हिशेबाची दोनशे वर्षे

उन्हाळ्याच्या दिवसांत वर्तमानपत्र हातात आले की आपण आधी तापमानाचा तक्ता बघतो. चंद्रपूरचा पारा किती, जळगावचा किती, यावर दिवसभर बोलणे होते. या तक्त्यात एक आकडा मात्र कधी नसतो. हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साईडचे, म्हणजे कर्बवायूचे, किती भाग आहेत हा तो आकडा. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो २८० च्या आसपास होता. २०२४ साली त्याची वार्षिक सरासरी ४२० च्या पुढे होती. हा आकडा माणसाला कसा कळला आणि कळल्यानंतर त्याने काय केले, याचा इतिहास समजून घेण्यासारखा आहे.

सुरुवात फ्रान्समध्ये झाली. सूर्यापासून इतक्या अंतरावर असलेली पृथ्वी खरे तर याहून कितीतरी थंड असायला हवी, मग ती उबदार कशी, हा प्रश्न जोसेफ फूरिए या गणितज्ञाला पडला. वातावरण उष्णता धरून ठेवत असले पाहिजे, असे त्याने १८२४ साली मांडले. पण हवेतला नेमका कोणता घटक हे काम करतो, ते त्याला ठाऊक नव्हते.

त्याचा पहिला धागा एका स्त्रीच्या हाती लागला. अमेरिकेतील युनिस फूट हिने काचेच्या नळकांड्यांत निरनिराळे वायू भरून ती उन्हात ठेवली. कर्बवायूचे नळकांडे सर्वांत जास्त तापले आणि निवायलाही त्यालाच फार वेळ लागला. असा वायू हवेत वाढला तर पृथ्वीचे तापमान वाढेल, हा निष्कर्ष तिने १८५६ साली काढला. विज्ञान परिषदेत तिचा निबंध वाचला गेला, पण तो वाचला जोसेफ हेन्री या शास्त्रज्ञाने. पुढे तिचे नाव दीडशे वर्षे विस्मृतीत गेले. १८५९ पासून लंडनमध्ये जॉन टिंडॉल याने अधिक काटेकोर उपकरणांनी प्रयोग केले. हवेचा फार मोठा भाग असलेले नायट्रोजन व ऑक्सिजन जमिनीतून निघणाऱ्या उष्णतेला अडवत नाहीत. अडवतात ते पाण्याची वाफ आणि कर्बवायू, हे त्याने सिद्ध केले. आपल्याकडे हिवाळ्यात आभाळ आले की रात्री उबारा वाटतो आणि निरभ्र, कोरड्या रात्री गारठा वाढतो, तो याच कारणाने.

प्रत्यक्ष हिशेब मांडला तो स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस याने. गणकयंत्राचा तो काळ नव्हता. सुमारे वर्षभर हाताने हजारो आकडेमोडी करून १८९६ साली त्याने उत्तर काढले: कर्बवायू दुप्पट झाला तर पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापेल. आजचा अंदाज सुमारे तीन अंशांचा आहे. एकट्या माणसाने कागदावर केलेल्या गणिताच्या मानाने हा फरक फार नव्हे. मात्र त्याची चूक दुसरीकडे झाली. त्या काळी जळणारा कोळसा पाहून त्याला वाटले की इतका कर्बवायू साठायला हजारो वर्षे लागतील. शिवाय थंडीने गारठलेल्या स्वीडनमधल्या माणसाला थोडी ऊब वाढली तर ती हवीच होती!

त्यानंतर पाच दशके हा विषय जवळजवळ झोपून राहिला. हवेतील वाफच पुरेशी उष्णता अडवते, तेव्हा कर्बवायू वाढून काय फरक पडणार, असा एक आक्षेप होता. समुद्र एवढा अफाट आहे, तो सगळा जादा वायू पिऊन टाकील, असा दुसरा. दोन्ही आक्षेप वरवर पाहता पटण्यासारखे होते. १९३८ साली गाय कॅलेंडर नावाच्या एका इंग्रज अभियंत्याने जगभरच्या १४७ केंद्रांच्या नोंदी जमवून, आधीच्या पन्नास वर्षांत तापमान वाढले आहे, असे दाखवले. कॅलेंडर वाफेच्या यंत्रांचा जाणकार, हवामानशास्त्र हा त्याचा पेशा नव्हे. तज्ज्ञांनी त्याचे ऐकून घेतले आणि विषय सोडून दिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे दोन्ही आक्षेप ढासळले. उंचावरच्या हवेत वाफ अगदी कमी असते आणि तिथे कर्बवायूचा पडदा प्रभावी ठरतो, हे लक्षात आले. १९५७ साली रॉजर रेव्हेल व हान्स स्युएस यांनी दाखवले की समुद्र वायू शोषतो खरा, पण वाटले होते तेवढ्या वेगाने नाही. कोट्यवधी वर्षे जमिनीखाली पडलेल्या कोळशात किरणोत्सारी कार्बन उरलेला नसतो. त्यामुळे हवेतील कार्बनमध्ये त्याचे प्रमाण घटू लागले, तेव्हा जादा वायू कुठून येतो याचा पुरावाच मिळाला.

आता गरज होती ती रोजच्या मोजणीची. ते काम चार्ल्स डेव्हिड कीलिंग या तरुण अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने अंगावर घेतले. शहरे व कारखान्यांपासून दूर, पॅसिफिक महासागरातील हवाई बेटावर, मौना लोआ या ज्वालामुखीच्या उतारावर सुमारे ३४०० मीटर उंचीवर त्याचे यंत्र बसले. मार्च १९५८ मधली पहिली नोंद होती ३१३. पुढच्या महिन्यांत आकडा वर गेला, मग खाली आला, पुन्हा वर गेला. उत्तर गोलार्धातील झाडे उन्हाळ्यात पालवतात तेव्हा वायू घेतात, पानगळीनंतर तो परत सोडतात. पृथ्वीचा हा श्वासोच्छ्वास प्रथमच कागदावर उमटला. पण दर वर्षीचा श्वास आदल्या वर्षीपेक्षा थोडा वरून सुरू होत होता. १९६४ साली पैशाअभावी काही आठवडे मोजणी थांबली. आलेखातली ती फट आजही दिसते. नोव्हेंबर २०२२ मध्ये लाव्हारसाने रस्ता व वीज तोडली, तेव्हा शेजारच्या मौना केआ शिखरावरून काम चालू ठेवले गेले. कीलिंग २००५ साली वारले. २०१३ च्या मे महिन्यात आकड्याने ४०० ओलांडले. अंटार्क्टिकच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून गेल्या आठ लाख वर्षांचा हिशेब लागला आहे. त्या सबंध काळात हा आकडा ३०० च्या फारसा वर गेलेला नव्हता.

म्हणजे अऱ्हेनियसला ज्यासाठी हजारो वर्षे लागतील असे वाटले, त्यातला अर्धा पल्ला आपण गाठलाही आहे. आणि या वाढीचे चारातले तीन भाग १९५८ नंतरचे आहेत.

अज्ञानाची सबब इथे संपते. १९६५ साली अमेरिकेच्या अध्यक्षांपुढे या विषयाचा अहवाल होता. जून १९८८ मध्ये जेम्स हॅन्सन यांनी तेथील सिनेटसमोर, तापमानवाढ सुरू झाली आहे, अशी साक्ष दिली. त्याच वर्षी आयपीसीसी ही आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. १९९२ साली रिओ, १९९७ साली क्योटो, २०१५ साली पॅरिस असे करार होत गेले. १९९० साली जग दगडी कोळसा, तेल व वायू जाळून सुमारे २२-२३ अब्ज टन कर्बवायू सोडत होते. २०२४ साली हा आकडा ३७ अब्ज टनांवर होता. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीप्रमाणे, कारखानदारीपूर्व काळाच्या मानाने दीड अंशाची वाढ ओलांडणारे पहिले वर्षही २०२४ हेच.

घाई कशासाठी, असे कुणी विचारील. हौदाचे उदाहरण घ्या. वरून नळ जोरात सोडला आहे आणि तळाची मोरी अगदी बारीक आहे. नळ थोडा आवळला म्हणून पाण्याची पातळी खाली येत नाही, फक्त जरा सावकाश वाढते. आपण सोडलेल्या कर्बवायूपैकी साधारण निम्मा समुद्र व वनस्पती घेतात. उरलेल्याचा काही भाग हजारो वर्षे हवेत राहतो. म्हणून उशीर झालेल्या प्रत्येक वर्षाचे ओझे पुढच्या पिढ्यांच्या डोक्यावर जाते. दीड अंशाच्या आसपास थांबायचे तर २०१० च्या मानाने २०३० पर्यंत उत्सर्जन सुमारे ४५ टक्क्यांनी घटवावे आणि २०५० च्या सुमारास निव्वळ शून्यावर आणावे, असे आयपीसीसीने २०१८ साली सांगितले.

या हिशेबात सगळ्यांचा वाटा सारखा नाही. भारतीय माणसामागे वर्षाला सुमारे दोन टन कर्बवायू निघतो, अमेरिकन माणसामागे सुमारे चौदा टन. ज्यांनी जास्त जाळले त्यांनी जास्त आवरावे, हा आपला आग्रह न्याय्यच आहे. पण पाऊस हा न्याय बघून पडत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या २०१७ च्या अभ्यासात असे आढळले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. त्याची झळ आधी बसते ती कोरडवाहू शेतकऱ्याला आणि नाल्याकाठच्या झोपडीला.

निराश होण्याचे मात्र कारण नाही. ओझोनचा थर विरळ करणाऱ्या रसायनांवर १९८७ च्या माँट्रियल कराराने जगाने बंदी आणली आणि तो थर आता सावरू लागला आहे. सौर विजेचा खर्च २०१० नंतरच्या साधारण बारा-तेरा वर्षांत सुमारे नऊ दशांशांनी उतरला. १८९६ साली अऱ्हेनियसजवळ नुसते गणित होते. आपल्याजवळ गणित आहे, मोजणी आहे आणि उपायही आहेत. तापमानाच्या तक्त्याशेजारी मौना लोआचा आकडाही रोज छापला, तर निदान आपण कुठे आहोत याचा विसर तरी पडणार नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)