सशाचे कान

परळला उतरा. साल १९४९. केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधा दिली आणि त्याचे निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आणले. तिच्या वाळलेल्या मुळीचा तुकडा जिभेवर ठेवून बघा. कडूजहर! बिहारात हिला ‘पागल की दवा’ म्हणतात. रक्तदाब आणि वेड, दोन्हींवर ती लागू पडते हे कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच लिहून ठेवलं होतं. पण ते छापलं भारतीय नियतकालिकात, त्यामुळे बाहेर कुणी वाचलं नाही. 

पाच वर्षं पुढे या. न्यूयॉर्कजवळचं रॉकलंड स्टेट हॉस्पिटल. बाझेलच्या सीबा कंपनीत १९५२ मध्ये याच मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं, आणि नेथन क्लाइन आता ते इथल्या मनोरुग्णांना देतोय. तक्ते, आकडे बघत बसू नका. खिडक्यांना काचा बसवणाऱ्या माणसाला गाठा. काचा फुटायचं प्रमाण कमी झालंय हे त्याच्या लक्षात आलं, अशी आठवण या दवाखान्याबद्दल सांगतात.

औषध चालतं. पण का चालतं?

त्यासाठी स्वीडनमध्ये, लुंडला चला. १९५७. थंडी आहे, अंगावर काहीतरी घ्या. अर्विद कार्लसनच्या प्रयोगशाळेत टेबलावर एक ससा बसवलाय. बसवलाय म्हणजे ठेवलाय. रेसर्पिन टोचल्यापासून तो जागचा हललेला नाही. डोळे अर्धे मिटलेले, कान दोन्ही बाजूंना लोंबलेले. बोट लावलंत तरी ढिम्म. आता त्याला डोपा नावाचं द्रव्य टोचतात. घड्याळाकडे बघा. थोड्याच वेळात एक कान उभा राहतो, मग दुसरा. ससा मान वळवतो, टेबलावर चालू लागतो, जणू काही झालंच नव्हतं.

अमेरिकेत बेथेस्डाला बर्नार्ड ब्रॉडीच्या गटानं आधीच दाखवलंय, की रेसर्पिन दिलं की मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन रितं होतं. कार्लसन तिथे काही महिने काम करून आलाय. त्याला सापडलं की डोपामाइनही रितं होतं, आणि डोपा ते भरून काढतं. इथून पुढे कंपवाताचं औषध निघणार, आणि २००० साली कार्लसनला नोबेल मिळणार, हे तुम्हाला माहीत आहे. त्याला सांगू नका.

पण इतर डॉक्टर या सशात भलतंच काही बघतात. मलूल ससा म्हणजे उदास माणूस! रक्तदाबासाठी रेसर्पिन घेणारे काही रुग्ण खिन्न झाल्याच्या नोंदी आहेतच. उलट, क्षयाच्या रुग्णांना दिलेलं इप्रोनियाझिड त्यांना उल्हसित करतं, आणि ते तर अशीच रसायनं मोडू देत नाही. झालं! नैराश्य म्हणजे मेंदूत रसायन कमी पडणं. आजाराचं कारण शोधून औषध केलेलं नाही. औषध हाती लागलं आणि त्यावरून कारण बेतलं.

याला छेद देणारा पुरावा तेव्हाच हजर होता, हे मला सगळ्यात खटकतं. १९५५ चा ‘लॅन्सेट’ उघडा. लंडनमध्ये डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिंताग्रस्त, उदास रुग्णांपैकी काहींना रेसर्पिन आणि काहींना नुसती खोटी गोळी दिली. रेसर्पिनवाल्यांना अधिक बरं वाटलं. गोष्टीत बसत नव्हतं, म्हणून ते बाजूला पडलं.

१९६५ मध्ये जोसेफ शिल्डक्रॉट रसायन कमी पडण्याचा हा सिद्धान्त व्यवस्थित मांडतो, आणि हे फार तर अतिसुलभीकरण आहे, असंही स्वतःच लिहितो. सिद्धान्त गाजला, ती कबुली तिथेच राहिली. पुढे औषध कंपन्यांच्या जाहिरातींनी ‘रासायनिक असमतोल’ घरोघरी नेला, आणि आपल्याकडे २००६ मध्ये मुन्नाभाईनं त्याचा ‘केमिकल लोचा’ केला.

परत या. २०२२ मध्ये जोआना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. सेरोटोनिन कमी झाल्यानं नैराश्य येतं, याचा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. मेंदूचा संबंधच नाही, असा याचा अर्थ होत नाही. आनुवंशिकतेचा वाटा आहेच. अनेकांना नैराश्यावरच्या गोळ्यांनी आराम पडतो, हेही खरं.

तेव्हा गोळ्या चालू असतील तर हे वाचून मनानं बंद करू नका. अचानक सोडल्या की चक्कर येते, झोप उडते, जीव घाबरा होतो. पुढच्या खेपेला डॉक्टरांना मात्र विचारा, माझ्या मेंदूत नेमकं काय बिघडलंय? ‘ते अजून नीट कळलेलं नाही, पण या औषधानं बऱ्याच जणांना फरक पडतो’, असं जे सांगतील, ते डॉक्टर बदलू नका.