पूर दोन दिवस थांबत नाही

कर्जतची उल्हास आणि खोपोली-खालापूरची पाताळगंगा उन्हाळ्यातही वाहतात, त्यामागे टाटांची वीज आहे. खोपोलीचं वीजघर १९१५चं, भिवपुरीचं १९२२चं. घाटमाथ्यावर अडवलेलं पाणी टर्बाइन फिरवून या नद्यांत उतरतं. नदी बारमाही झाली आणि काठ भरत गेला: कारखाने, दुकानं, अलीकडे फार्महाउस.

पावसाळ्यात हिशेब बदलतो. २७ जुलै २०१९ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, आठवतं? तो उल्हासचाच पूर. गाडीतल्या हजारभर प्रवाशांची सुटका देशाने टीव्हीवर पाहिली. काठावरची घरं मात्र तलाठ्याची वाट बघत बसतात.

पंचनामा होतो, पण केंद्राच्या निकषांप्रमाणे कपडे-भांड्यांची मदत हवी तर घर दोन दिवसांहून जास्त पाण्यात असावं लागतं. ही अट गंगेच्या मैदानात ठीक असेल. घाटातून येणारं पाणी रात्री घर धुऊन सकाळी ओसरतं! राज्याने २०२१च्या महापुरानंतर अट शिथिल केली, दुकानदारांना कमाल ५० हजार दिले. तरी ती मदतच, हक्क नव्हे.

हक्काचा कागद म्हणजे विमा. १९७३मध्ये राष्ट्रीयीकरणाने १०७ विमा कंपन्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या, पण पुरासाठी वेगळी योजना आली नाही. पूर राहिला आगीच्या पॉलिसीच्या पोटात. कर्ज देताना बँक ती काढायला लावते. कर्ज फिटलं की नूतनीकरणाची आठवण करणारं कुणी उरत नाही. अमेरिकेत १९६८पासून सरकारी पूरविमा आहे. तिथे खुद्द योजनेचीच मुदत संसदेला वाढवावी लागते. २०१०मध्ये ती अनेकदा चुकली आणि तेवढे दिवस नव्या पॉलिसी थांबल्या. म्हणजे तिथे सरकार विसरतं, इथे आपण.

एप्रिल २०२१पासून सर्व कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात पूर मुळातच धरलेला आहे आणि ती एकदम दहा वर्षांपर्यंत काढता येते. यादीत दरडही आहे.

१९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. वाडीला गाडीरस्ता नव्हता. बचावपथकं चिखलातून चालत चढली. विमा एजंट तिथे कधी चढला असता?