मुद्देमाल, पंच आणि लाखेचे सील : प्रस्तावना

तालुक्याच्या न्यायालयात नव्याने वकिली सुरू करणाऱ्याच्या हाती सुरुवातीला येतात ते बहुधा दारूबंदीचे खटले. ज्येष्ठ वकील ते ‘किरकोळ’ म्हणून कनिष्ठाकडे सरकवतात, आणि कायद्याच्या अभ्यासक्रमात तर त्यांना जवळजवळ जागाच नाही. या अभ्यासाकडे वळणाऱ्यांचे स्वागत करताना आधी हे सांगायला हवे, की पुरावा म्हणजे काय हे शिकायला इतकी चांगली शाळा दुसरी नाही.

मूळ मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ चा. आज त्याच्या नावात महाराष्ट्र आहे. गुजरातनेही तोच आपल्या नावाने चालवला आहे. महाराष्ट्रात परवान्याने मुभा आहे, पण गडचिरोलीत १९९३ पासून बंदी. शेजारच्या चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. म्हणजे वैनगंगेच्या एका काठावर दुकानात मिळणारी बाटली दुसऱ्या काठावर मुद्देमाल ठरते. विक्रीचा आरोप असेल तर कलम ६५ (ई), नुसती जवळ बाळगल्याचा असेल तर ६६ (१) (ब).

कलमे एका बैठकीत वाचून होतात. वेळ लागतो तो पंचनामा वाचायला. त्यात लिहिलेले असते, की आरोपीच्या ताब्यात नायलॉनची पिशवी मिळून आली, तीत देशी दारूच्या १८० मिलिलिटरच्या सीलबंद बाटल्या होत्या, पैकी एक नमुना म्हणून काढून तिच्यावर पंचांच्या सह्यांचे कागदी लेबल लावून लाखेने सील केली. वाक्ये इतकी घोटीव असतात, की दोन निराळ्या गावांतले पंचनामे शेजारी ठेवले तर पिशवीचा रंग तेवढा वेगळा निघावा. उलटतपासणीचे सगळे प्रश्न मात्र इथूनच निघतात. बाकीच्या बाटल्यांचे काय झाले? सीलचा ठसा कुठे आहे? नमुना प्रयोगशाळेत जाईपर्यंत कुणाच्या ताब्यात होता, आणि मुद्देमाल रजिस्टरात त्याची नोंद आहे का? तेवढ्यात पंच साक्षीला येतो, पोलिसांनी बोलावले म्हणून सही केली असे सांगतो आणि फितूर घोषित होतो. उरतो तो छापा घालणाऱ्याचाच जबाब. तो विश्वासार्ह असेल तर एकट्यावरही शिक्षा होऊ शकते, हे नवशिके वकील नेहमी विसरतात.

दुसरीकडे कलम १०३ आहे. जवळ सापडलेल्या दारूचा समाधानकारक खुलासा आरोपीला देता आला नाही, तर गुन्हा गृहीत धरला जातो. पण ताबाच सिद्ध झाला नसेल तर गृहीतक कशावर उभे करणार?

सिद्धतेचा भार किती नाजूक असतो, हे पाहायला प्राशनाचा एक जुना खटला वाचावा. त्याची पार्श्वभूमी अशी : बलसारा खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा बहुतांशी उचलून धरला, पण औषधी मिश्रणांपुरता रद्द केला, तो मे १९५१ मध्ये. त्यानंतर चारच दिवसांनी बेहराम पेसिकाका यांच्या जीपची कुलाब्याजवळ तिघांना धडक बसली. तोंडाला दारूचा वास आला, तर ते म्हणाले, टॉनिक घेतले होते. आणि हे गृहस्थ परिवहन खात्यातले अधिकारी! प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटने सोडलेल्या आरोपीला उच्च न्यायालयाने दोषी धरले, अखेर सर्वोच्च न्यायालयाने सोडले. घेतलेले मद्य औषधातले नव्हते, हे दाखवण्याची जबाबदारी सरकार पक्षावर आली.

टॉनिकच्या बाटलीसाठी दिल्ली गाठणारे थोडेच. हातभट्टीच्या खटल्यातली बाई रोजंदारी बुडवून तारखेला येते. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये गेला, तरी त्यातून सुटलेल्या विमुक्त जमातींच्या वस्तीवर संशयाची नजर राहिलीच. म्हणून आरोपीच्या नावाच्या रकान्याइतकाच छाप्याच्या जागेचा रकानाही अभ्यासकाने पाहावा. त्याच हातभट्टीविरुद्ध मोर्चे काढणाऱ्या बायकाही त्याच गावातल्या असतात, हेही नजरेआड करू नये.

पुढच्या पानांकडे वळण्यापूर्वी वाचकाला एक विनंती आहे. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात एक पूर्ण दिवस मागच्या बाकावर बसून या, आणि निकाली निघालेल्या एखाद्या प्रकरणातला पंचनामा व प्रयोगशाळेचा अहवाल रीतसर नकला मागवून शेजारी ठेवून वाचा.