१२ एप्रिल : पराभूतांना सलामी
१२ एप्रिल १८६५ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनियात, अ‍ॅपोमॅटॉक्स कोर्ट हाउस या गावी, यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेकडील राज्यांच्या पायदळाने शस्त्रे खाली ठेवली. ती स्वीकारायला उत्तरेचे ब्रिगेडियर जनरल जोशुआ चेंबरलेन उभे होते. तीन वर्षांपूर्वी मेन राज्यात कॉलेजात शिकवणारे प्राध्यापक. पराभूतांची रांग समोर येताच त्यांनी आपल्या सैनिकांना शस्त्रसलामीचा हुकूम दिला. दक्षिणेचे जनरल जॉन गॉर्डन यांनी तलवार झुकवून प्रतिसाद दिला. काल ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्यांच्याबरोबरच उद्या एका देशात राहायचे आहे, हे या प्राध्यापक-सेनानीने ओळखले. यादवीतून सावरणाऱ्या कोणत्याही देशाला ही समज लागतेच. पण ज्यांच्या गुलामगिरीवरून हे युद्ध पेटले, त्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्काला खरे कायदेशीर संरक्षण मिळायला मात्र १९६५ साल उजाडावे लागले.