कीर्द आहे, खतावणी कुठे?

आयुष्य अडल्यासारखं वाटलं की हल्ली एकच सल्ला मिळतो: वही घ्या, मनात येईल ते लिहा, वाट सापडेल. हा पूर्वपक्ष दुबळा नाही. मन मोकळं करायला दर वेळी माणूस मिळत नाही, कागद मिळतो. लिहिल्यावर हलकं वाटतं. आणि उत्तर आपल्याच आत असतं, ते लिहिताना वर येतं. यातलं पहिलं मला मान्य, दुसरं निम्मं. भांडण तिसऱ्याशी आहे.

पुरावा म्हणून बहुतेक वेळा जेम्स पेनीबेकर आणि सँड्रा बील यांचा १९८६चा प्रयोग पुढे केला जातो. ४६ विद्यार्थ्यांनी लागोपाठ चार दिवस रोज पंधरा मिनिटं लिहिलं. काहींनी किरकोळ विषयांवर, काहींनी आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक प्रसंगावर. ज्यांनी प्रसंग आणि भावना दोन्ही लिहिल्या, ते पुढच्या काही महिन्यांत विद्यापीठाच्या दवाखान्यात कमी वेळा गेले. लिहून उठताना मात्र त्यांना अधिकच वाईट वाटत होतं. शिवाय तिथे मोजलं गेलं ते आजारपण. पुढे काय करावं, हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मागच्या जखमेवरचं औषध पुढच्या रस्त्यासाठी विकलं जातंय.

डेव्हिड स्बारा आणि सहकाऱ्यांचं २०१३चं काम तर अडलेल्या माणसाच्या फार जवळचं. जोडीदारापासून नुकतीच वेगळी झालेली माणसं त्यात होती. ‘असं का झालं’ हे उगाळत बसणाऱ्यांना भावना लिहायला लावल्या, तेव्हा ती सावरण्यात मागे राहिली. दिवसभरात काय केलं एवढंच कोरडं लिहिणारे त्यांच्यापेक्षा बरे राहिले. ‘माझंच असं का?’ हा प्रश्न डोक्यात शंभरदा फिरतो, वहीत एकशे एकावा फेरा होतो.

कुणी समर्थांनाही या वादात ओढतात. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे खरा, पण त्यात अक्षराचं वळण, शाई, कागद, ओळी यांचा विचार आहे. मनाचा तळ ढवळायला समर्थ तिथे सांगत नाहीत.

मग वही फेकून द्यायची का? नाही. मारिअन मिल्नर १९२६मध्ये लिहू लागली तेव्हा पंचविशीत होती. मानसशास्त्र शिकलेली, कमावती, तरी आपलं आयुष्य आपलं नाही असं वाटणारी. आपण नेमकं कधी सुखी असतो, ते तिने टिपायला सुरुवात केली. सात वर्षांच्या नोंदींतून तयार झालेलं ‘अ लाइफ ऑफ वन्स ओन’ १९३४मध्ये जोआना फील्ड या नावाने आलं. आपल्याला काय हवं याबद्दलची तिची समजूत एक आणि नोंदी दुसरंच सांगत होत्या. ते उत्तर आत तयार बसलेलं नव्हतं. साठलेल्या नोंदी परत वाचताना, ताडून पाहताना ते दिसत गेलं.

आपल्या पेढीवरच्या मुनिमाला हे सांगावं लागत नाही. तो रोजची कीर्द लिहितो, पण धंदा कुठे चाललाय हे कीर्दीवरून कळत नाही. एकेक रक्कम खात्यावर चढवावी लागते, तेव्हा कुणाकडे किती अडकलंय ते दिसतं. आपण वर्षानुवर्षं कीर्द लिहितो आणि खतावणी कधीच घालत नाही.

एक मर्यादा कबूल केली पाहिजे. सदाशिव पेठेतल्या कॉटबेसिसवर स्पर्धा परीक्षेची पाच-सहा वर्षं काढलेल्या मुलाची कोंडी जागांच्या संख्येत आणि वयोमर्यादेत असते. त्याला ‘आत बघ’ म्हणणं ही क्रूर थट्टा आहे. त्याच्या वहीत कितवा प्रयत्न, किती खर्च आणि शेवटची तारीख एवढं असलं तरी पुष्कळ.

माझी स्वतःची वही मी एकदाच खतवली. चौदा महिन्यांत ‘नोकरी सोडावी का’ अकरा वेळा, जवळपास त्याच शब्दांत. फक्त शाई बदललेली. त्याच पानांत ‘शनिवारी सोसायटीतल्या मुलांची भूमिती घेतली’ अशी एका ओळीची, विशेषणाविना नोंद एकतीस वेळा. तिच्याकडे मी कधी पाहिलंच नव्हतं. नोकरी अजून चालू आहे. मुलं मात्र सतरा झाली, आणि परवा फळा विकत आणावा लागला.