रॉबर्ट जॉन्सन
रॉबर्ट लिरॉय जॉन्सन (८ मे, १९११ – १६ ऑगस्ट, १९३८) हे डेल्टा ब्लूज शैलीचे अमेरिकन गायक, गिटारवादक व गीतकार होते. त्यांचा जन्म मिसिसिपी राज्यातील हेझलहर्स्ट येथे झाला. चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून त्यांनी वादनकौशल्य मिळविले, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. आइक झिमरमन या वादकाकडे त्यांनी घेतलेली तालीम मात्र तिच्यामुळे झाकोळली गेली. खर्जाच्या तारांवर ठेका व वरच्या तारांवर सुरावट ते एकाच वेळी वाजवीत. कीथ रिचर्ड्स यांनाही प्रथम ऐकताना दोन वादक असल्याचा भास झाला होता. सॅन अँटोनियो (१९३६) व डॅलस (१९३७) येथे ध्वनिमुद्रित झालेली २९ गीते एवढाच त्यांचा ठेवा. वयाच्या २७व्या वर्षी ग्रीनवूडजवळ ते निवर्तले. १९६१ मध्ये कोलंबियाने काढलेल्या ध्वनिमुद्रिकेमुळे ते नव्या पिढीला ज्ञात झाले. एरिक क्लॅप्टन यांनी २००४ मध्ये संपूर्ण संग्रह त्यांच्याच गीतांचा केला.